विज्ञानाच्या उतरंडीत तळाला काय?

(शिक्षक-पालक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मुलांच्या शिक्षणाविषयी आपल्या घराघरांतून जी चर्चा होते, ती बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते : शाळा कोणती आणि शाखा कोणती? तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. मुलाला कोणता विषय कोणत्या विषयाच्या आधी शिकवला जातो आणि तो तसा का, हा तो प्रश्न. अभ्यासक्रम मंडळाने ठरवावा, वेळापत्रक शाळेने लावावे आणि पालकांनी शुल्क भरून पुस्तकांना कव्हरे घालावीत, अशी कामाची वाटणी होऊन गेलेली आहे. परंतु विषयांचा क्रम ही केवळ वेळापत्रकाची बाब नव्हे. कोणते ज्ञान कोणत्या मुलापर्यंत पोहोचेल आणि कोणते त्याच्या दारावरून परत जाईल, हे पुष्कळ अंशी त्या क्रमावर ठरते.

अमेरिकेत या एका प्रश्नावर सव्वाशेहून अधिक वर्षे वाद चालू आहे. विद्यापीठांचे अध्यक्ष त्यात उतरले, नोबेल विजेते उतरले, एका मोठ्या शहराने तर सर्व शाळांचा क्रम एका वर्षात बदलून पाहिला आणि पाच वर्षांनी तो मागे घेतला. त्या वादाची हकीकत समजून घेणे आपल्यालाही उपयोगाचे आहे. दुसऱ्याच्या घरातील चुका पाहून आपले घर सावरता येते, हा त्यातील पहिला लाभ. त्यापेक्षा मोठा लाभ असा की, आपण जे गृहीत धरून चाललो आहोत त्याकडे त्यामुळे नव्याने पाहता येते.

दहा जणांची समिती

अमेरिकन शाळांची रचना आपल्यापेक्षा वेगळी आहे. तेथे नववी ते बारावी अशी चार वर्षांची माध्यमिक शाळा असते आणि विज्ञानाचा साधारणतः एक विषय एका वर्षात पुरा केला जातो. एक वर्ष जीवशास्त्र, पुढचे वर्ष रसायनशास्त्र, त्यानंतर भौतिकशास्त्र. शाळेतील अभ्यासाची मोजणी तासांच्या ठरावीक मापाने करण्याची पद्धत कार्नेगी फाउंडेशनने १९०६ मध्ये रूढ केली, तिने ही एक-वर्षी विषयांची चौकट अधिकच घट्ट केली. आपल्याकडे भात, आमटी, भाजी एका ताटात वाढतात. तेथे एकेक पदार्थ वेगळ्या वर्षी वाढला जातो. साहजिकच पहिला पदार्थ कोणता, हा प्रश्न तेथे टोकदार झाला.

१८९२ मध्ये नॅशनल एज्युकेशन असोसिएशन या शिक्षकांच्या संघटनेने माध्यमिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी दहा जणांची समिती नेमली. इतिहासात ती ‘कमिटी ऑफ टेन’ या नावानेच ओळखली जाते. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट हे तिचे प्रमुख होते, आणि ते मूळचे रसायनशास्त्राचे अभ्यासक होते. समितीने विषयवार नऊ परिषदा भरवल्या. त्यांपैकी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व खगोलशास्त्र यांच्या परिषदेने असे सुचवले की, रसायनशास्त्र आधी शिकवावे आणि भौतिकशास्त्र नंतर, कारण भौतिकशास्त्राला गणिताची जी तयारी लागते, ती मुलांना थोडी उशिरा येते.

मूळ समितीने मात्र ही शिफारस उलटवली. तिने आपल्या आदर्श वेळापत्रकांत भौतिकशास्त्राला रसायनशास्त्राच्या आधी स्थान दिले. पुष्कळ मुले चौथ्या वर्षापर्यंत शाळेत टिकत नाहीत, तेव्हा शाळा लवकर सोडणाऱ्यालाही भौतिकशास्त्राचा परिचय झाला पाहिजे, हा विचार त्यामागे होता. या मतभेदात संपूर्ण वादाचे बीज दडलेले आहे. परिषदेने विचार केला तो विषयाच्या सोयीचा, समितीने विचार केला तो विद्यार्थ्याच्या वाट्याचा. दोन्ही बाजूंचे म्हणणे खोटे नव्हते, आणि म्हणूनच वाद मिटला नाही.

गर्दी वाढली, भौतिकशास्त्र दूर गेले

समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला त्यानंतरच्या चार दशकांत अमेरिकन शाळांचे रूप पालटले. १८९० मध्ये तेथील सार्वजनिक माध्यमिक शाळांत सुमारे २ लाख विद्यार्थी होते; १९३० पर्यंत ही संख्या सुमारे ४४ लाखांवर गेली. शेतकऱ्यांची, कामगारांची, नुकत्याच बोटीतून उतरलेल्या स्थलांतरितांची मुले शाळेत येऊ लागली. त्यांना काय शिकवावे, हा नवा प्रश्न उभा राहिला. दाट वस्तीच्या शहरांत स्वच्छता, आहार, क्षय आणि हगवण यांचे ज्ञान सर्वांत निकडीचे होते. त्यातून वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि शरीरशास्त्र असे तीन सुटे विषय एकत्र बांधून ‘जीवशास्त्र’ नावाचा नवा शालेय विषय आकाराला आला. न्यूयॉर्कच्या डेविट क्लिंटन हायस्कूलमधील शिक्षक जॉर्ज हंटर यांचे ‘ए सिव्हिक बायॉलॉजी’ हे १९१४चे पाठ्यपुस्तक याच वळणाचे. पुढे १९२५ मध्ये टेनेसी राज्यात उत्क्रांती शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर जो गाजलेला खटला झाला, त्यात पुढे आलेले पुस्तक हेच.

१९२०च्या एका अहवालाने या साऱ्यावर शिक्कामोर्तब केले. आधी सामान्य विज्ञान, त्यानंतर जीवशास्त्र आणि शेवटच्या वर्षांत रसायन व भौतिकशास्त्र, असा क्रम देशभर रुळला. पहिला विषय सर्वांसाठी आणि शेवटचा विषय ज्याला हवा असेल त्याच्यासाठी, असे त्याचे स्वरूप झाले.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. १८९० मध्ये माध्यमिक शाळांतील एकूण विद्यार्थ्यांपैकी सुमारे २३ टक्के विद्यार्थी त्या वर्षी भौतिकशास्त्र शिकत होते. १९४९ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आले. शाळेत येणाऱ्यांची संख्या अनेक पटींनी वाढली, त्यामुळे भौतिकशास्त्र शिकणाऱ्यांची प्रत्यक्ष संख्या घटली असे नव्हे. परंतु नव्याने आलेल्या मुलांच्या वाट्याला तो विषय क्वचितच आला, हे मात्र खरे. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवलेली वस्तू, जे शेवटपर्यंत चढतात त्यांनाच मिळते.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा उपग्रह सोडला आणि अमेरिकेची झोप उडाली. विज्ञानशिक्षणासाठी तिजोरी उघडली गेली. भौतिकशास्त्राचे नवे अभ्यासक्रम बनवण्याचे काम मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९५६ पासूनच सुरू झाले होते, त्याला वेग आला. जीवशास्त्राचे आणि रसायनशास्त्राचेही नवे अभ्यासक्रम तयार झाले. पुस्तके बदलली, प्रयोगांची साधने बदलली. बदलला नाही तो क्रम.

लेडरमन यांचा सवाल

या क्रमाला उघड आव्हान देणाऱ्यांत सर्वांत मोठे नाव लिऑन लेडरमन यांचे. १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये एका स्थलांतरित ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या भौतिकशास्त्रज्ञाला १९८८चे नोबेल पारितोषिक मेल्विन श्वार्ट्झ व जॅक स्टाइनबर्गर यांच्यासमवेत मिळाले. न्यूट्रिनो नावाच्या कणाचा एकच प्रकार नाही, दुसराही आहे, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले होते. शिकागोजवळच्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेचे ते सुमारे दहा वर्षे संचालक होते. एवढ्या उंचीवरचा माणूस शालेय वेळापत्रकात लक्ष घालतो, हेच मुळात विशेष. त्यांनी फर्मीलॅबमध्ये शाळकरी मुलांसाठी शनिवारचे वर्ग सुरू केले, इलिनॉय राज्यात गणित व विज्ञानाची निवासी शाळा उभी राहण्यात पुढाकार घेतला आणि १९९०च्या दशकापासून ‘भौतिकशास्त्र आधी’ या चळवळीला आपले नाव व वेळ दिला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचा युक्तिवाद साधा होता. जीवशास्त्राला हल्ली रेणूंवाचून पाऊल टाकता येत नाही. १९५३ मध्ये डीएनएची रचना उलगडल्यापासून पेशीतील प्रत्येक व्यवहार रेणूंच्या भाषेत सांगितला जातो. रेणू समजण्यासाठी अणूंचे बंध समजले पाहिजेत, म्हणजे रसायनशास्त्र हवे. अणूंचे बंध समजण्यासाठी विद्युतभार, बल आणि ऊर्जा समजली पाहिजे, म्हणजे भौतिकशास्त्र हवे. मग आधी भौतिक, नंतर रसायन आणि शेवटी जीवशास्त्र हाच स्वाभाविक क्रम नव्हे काय? आपल्या आज्या स्वयंपाकघरात मडक्यांची उतरंड रचत, तेव्हा सर्वांत मोठे आणि भक्कम मडके तळाला ठेवत. अमेरिकेने ही उतरंड उलटी रचली आहे, असे लेडरमन यांच्या म्हणण्याचे सार आहे.

प्रचलित क्रमाला वर्णमालेखेरीज दुसरा आधार दिसत नाही, अशी थट्टाही ते करीत. कारण इंग्रजी अकारविल्हे लावली तर जीव, रसायन, भौतिक असाच क्रम येतो. गंमत अशी की, मराठी वर्णमालेने लावायचे म्हटले तर जीव, भौतिक, रसायन असा तिसराच क्रम निघेल. थट्टा बाजूला ठेवली तरी मुद्दा उरतो. जुना क्रम ज्या काळात ठरला, त्या काळातील जीवशास्त्र हे प्रामुख्याने वर्णनाचे आणि वर्गीकरणाचे शास्त्र होते. पानाचे आकार, बेडकाचे अवयव, फुलाचे भाग. विषय आतून बदलला, क्रम बाहेरून तसाच राहिला.

या युक्तिवादाला बळ देणारी उदाहरणे आपल्याकडेही आहेत. जगदीशचंद्र बसू विद्युतचुंबकीय लहरींच्या संशोधनाकडून वनस्पतींच्या प्रतिसादांकडे वळले. वेंकटरामन रामकृष्णन यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली, त्याच विषयात अमेरिकेत डॉक्टरेट केली, त्यानंतर जीवशास्त्राचे धडे नव्याने गिरवले आणि पेशीतील रायबोसोमच्या रचनेसाठी २००९चे नोबेल मिळवले, ते रसायनशास्त्राचे. एका माणसाच्या आयुष्यात तिन्ही विषय कसे एकापाठोपाठ उलगडतात, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मिळणे अवघड.

सॅन डिएगोचा धडा

विचार पटणे आणि व्यवहारात उतरणे यांत अंतर असते. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहराच्या शाळांनी २००१ मध्ये नववीच्या सर्व विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्र सक्तीचे केले. हेतू उदात्त होता. गरीब वस्तीतील मुलांनाही हा विषय मिळावा, तो मूठभरांची मक्तेदारी राहू नये, असे त्यामागे होते. परंतु भौतिकशास्त्राचे शिक्षक रातोरात कोठून आणणार? जे कालपर्यंत जीवशास्त्र शिकवीत होते, त्यांनाच जुजबी प्रशिक्षण देऊन वर्गावर उभे करावे लागले. नववीच्या मुलांचे बीजगणित कच्चे, म्हणून गणित कमी असलेला अभ्यासक्रम निवडला गेला. त्यावर हुशार मुलांचे पालक नाराज झाले; त्यांना तो पाणी घातलेल्या दुधासारखा वाटला. दुसरीकडे ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता, त्यांच्या शिक्षकांची ओढाताण संपली नाही. २००६ मध्ये शिक्षण मंडळाने सक्ती उठवली.

या प्रसंगावरून ‘भौतिकशास्त्र आधी’ हा विचारच चुकीचा होता, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. मात्र क्रम हा आदेशाने बदलतो आणि शिक्षक आदेशाने घडत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. उतरंडीच्या तळाला मोठे मडके ठेवावे हे खरे. पण ते कच्चे असेल, तर वरची सगळी मडकी त्याच्यासह कोसळतात.

याच्या शेजारी न्यू जर्सीतील अनुभव ठेवून पाहण्यासारखा आहे. ज्या राज्यात आज मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, त्याच राज्यातील एका तांत्रिक माध्यमिक शाळेत रॉबर्ट गुडमन हे शिक्षक नववीला भौतिकशास्त्र शिकवू लागले. उद्योगक्षेत्रातील मोठे पद सोडून ते शिक्षकी पेशात आले होते. त्यांनी गणित वगळले नाही. उलट, नववीतील बीजगणित आणि नववीतील भौतिकशास्त्र ही एकाच दोराची दोन पदरे मानून त्यांनी ती एकत्र वळली. समीकरण सोडवायचे कशासाठी, याचे उत्तर मुलांना भौतिकशास्त्राच्या तासाला मिळे. २००६ मध्ये, म्हणजे सॅन डिएगोने माघार घेतली त्याच वर्षी, त्यांना राज्याच्या उत्कृष्ट शिक्षकाचा मान मिळाला. पुढे त्या राज्यात इतर विषयांच्या शिक्षकांना पद्धतशीरपणे भौतिकशास्त्राचे शिक्षक बनवण्याचे कार्य उभे राहिले. मिसूरी विद्यापीठात भारतीय वंशाच्या प्राध्यापिका मीरा चंद्रशेखर यांनीही नववीच्या शिक्षकांसाठी असेच दीर्घ प्रशिक्षण चालवले. जेथे आधी शिक्षक तयार झाला, तेथे क्रम बदलणे शक्य झाले.

आक्षेपांचीही दखल घ्यावी

कोणत्याही विचाराची पारख त्याच्या विरोधकांच्या म्हणण्यावरून करावी. जीवशास्त्राच्या शिक्षकांचा आक्षेप असा की, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या बदलत्या शरीराविषयी, आजारांविषयी, भोवतालच्या झाडापेडांविषयी जे कुतूहल असते, ते सरकत्या ठोकळ्यांविषयी असत नाही. ज्ञानाची रचना आणि शिकणाऱ्या मनाची वाढ यांचा क्रम एकच असतो, असे मानण्याचे कारण नाही. शिवाय सगळे जीवशास्त्र रेणूंवर उभे नाही. डार्विन यांनी १८५९ मध्ये उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडला, तेव्हा डीएनए कुणाला ठाऊक नव्हता. मेंडेल यांनी वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधले, ते मोजणीच्या बळावर. मात्र या दुसऱ्या उदाहरणाला एक पुरवणी आहे : मेंडेल यांनी व्हिएन्ना विद्यापीठात ज्यांच्याकडे धडे घेतले, ते ख्रिश्चन डॉप्लर भौतिकशास्त्रज्ञ होते.

दुसरा आक्षेप आकड्यांचा आहे. फिलिप सॅडलर आणि रॉबर्ट ताई या संशोधकांनी २००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. महाविद्यालयात विज्ञान शिकणाऱ्या आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची शालेय पार्श्वभूमी त्यांनी तपासली. शाळेत भौतिकशास्त्र अधिक शिकलेला विद्यार्थी महाविद्यालयात भौतिकशास्त्रात पुढे होता, रसायनशास्त्र शिकलेला रसायनशास्त्रात, जीवशास्त्र शिकलेला जीवशास्त्रात. परंतु एका विषयाचा लाभ दुसऱ्या विषयात दिसून आला नाही. भौतिकशास्त्र शिकल्याने रसायनशास्त्र सोपे जाते, हे गृहीतक त्या आकड्यांत टिकले नाही. तिन्ही विषयांत लाभ देणारी एकच गोष्ट आढळली : शाळेत शिकलेले गणित.

अर्थात त्या काळी भौतिकशास्त्र आधी शिकणारे विद्यार्थी थोडेच होते, आणि तीन विषय एकमेकांना जोडून शिकवणाऱ्या शाळा त्याहूनही थोड्या. जोडून न शिकवलेल्या विषयांचा एकमेकांना उपयोग झाला नाही, एवढेच यातून निश्चित म्हणता येते. लेडरमन यांचाही आग्रह केवळ विषयांची अदलाबदल करण्याचा नव्हता. तिन्ही विषयांच्या शिक्षकांनी एकत्र बसून तीन वर्षांचा एकच अभ्यास आखावा, हा त्यांच्या सूचनेचा खरा गाभा होता. २०१३ मध्ये तेथे आलेल्या ‘नेक्स्ट जनरेशन सायन्स स्टँडर्ड्स’ या मानकांनीही कोणताच एक क्रम लादला नाही. त्यांनी पर्यायी आराखडे पुढे ठेवले आणि निवड राज्यांवर सोपवली. दरम्यान, शाळा सोडण्यापूर्वी भौतिकशास्त्राचा किमान एक वर्ग करणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांचे प्रमाण १९८७ मधील सुमारे २० टक्क्यांवरून २०१३ पर्यंत ३९ टक्क्यांवर गेले. म्हणजे तेव्हाही निम्म्याहून अधिक मुले या विषयाविना शाळेबाहेर पडत होती.

आपल्या ताटात काय?

हे ऐकून आपल्याला थोडे समाधान वाटेल. कारण आपल्याकडे दहावीपर्यंत तिन्ही शाखा प्रत्येक मुलाला शिकवल्या जातात. हे आपोआप घडलेले नाही. भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील १९६४-६६च्या शिक्षण आयोगाने शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित सर्वांना अनिवार्य असावे, अशी शिफारस केली. या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र जे. पी. नाईक. शेतकऱ्याच्या मुलीला आणि कारखानदाराच्या मुलाला दहावीपर्यंत एकच विज्ञान, हा समतेचा मोठा निर्णय होता. १८९२च्या समितीला जी चिंता होती, तिचे उत्तर आपल्या आयोगाने असे दिले.

तथापि क्रमाचा प्रश्न आपल्याकडे सुटलेला नाही, तो केवळ पुस्तकाच्या आत शिरला आहे. महाराष्ट्रात २०१८ मध्ये आलेली दहावीची विज्ञानाची पुस्तके पाहावीत. ती दोन भागांत आहेत आणि दोन्ही भाग साधारणतः समांतर शिकवले जातात. दुसऱ्या भागाचे पहिलेच प्रकरण आनुवंशिकता व उत्क्रांती. त्यात डीएनएवरून आरएनए आणि त्यावरून प्रथिन कसे घडते, हे येते. लगेच पुढच्या प्रकरणात ग्लुकोजचे विघटन आणि पेशीतील ऊर्जाचक्र येते. कार्बनी संयुगांचे प्रकरण मात्र पहिल्या भागात नववे. म्हणजे कार्बन इतर अणूंशी कसा जोडला जातो हे सविस्तर कळण्यापूर्वी, कार्बनच्या साखळ्यांनी बनलेल्या महाकाय रेणूंची नावे मुलांनी पाठ केलेली असतात. आधीच्या इयत्तांत बंधांची तोंडओळख झालेली असते हे खरे. पण त्या ओळखीचा धागा जूनमध्ये हाती घेऊन शिक्षकाने पुढे गेले, तरच तिचा उपयोग. नाही तर मूल घोकते, आणि घोकण्यालाच विज्ञान समजते.

कधी कधी क्रम बदलणे म्हणजे वगळणेच असते. एनसीईआरटीने पाठ्यपुस्तके हलकी करताना आवर्तसारणी आणि उत्क्रांती हे भाग दहावीच्या विज्ञानातून काढले, त्यावर २०२३ मध्ये देशभरातील अनेक वैज्ञानिकांनी हरकत घेतली. हे विषय वरच्या इयत्तांत आहेतच, असे उत्तर देण्यात आले. ते वस्तुस्थितीला धरून होते. परंतु दहावीनंतर वाणिज्य, कला किंवा आयटीआयकडे जाणाऱ्या मुलासाठी ‘वरची इयत्ता’ कधी येतच नाही. वरच्या पायरीवर ठेवलेल्या वस्तूची गोष्ट येथेही लागू पडते.

अकरावीचा उंबरठा

खरी कसोटी अकरावीच्या उंबरठ्यावर लागते. विज्ञान शाखेत प्रवेश घेताना घरात संवाद होतो, तो सगळ्यांच्या परिचयाचा आहे. ‘तुला मेडिकलला जायचे आहे ना, मग गणित कशाला?’ आणि गणिताच्या जागी दुसरा सोपा विषय घेतला जातो. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत गणिताची प्रश्नपत्रिका नाही, तेव्हा हा निर्णय व्यवहारी वाटतो. पण २०२५च्या नीट परीक्षेत १८० प्रश्नांपैकी ४५ भौतिकशास्त्राचे होते. आणि महाराष्ट्र मंडळाच्या २०१९च्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील दुसरेच प्रकरण गणितीय पद्धतींचे आहे : सदिश आणि कलनशास्त्राची ओळख. ज्या मुलीने जूनमध्ये गणित सोडले, तिला त्याच सत्रात भौतिकशास्त्राच्या दारातून तेच गणित भेटते, तेही गणिताच्या शिक्षकाविना. सॅडलर आणि ताई यांच्या अभ्यासात तिन्ही विज्ञानांना हात देणारा विषय कोणता निघाला होता, ते येथे आठवावे.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी तर याच वेळी भाषाही बदलते. दहावीपर्यंत गुरुत्वाकर्षण, अपवर्तन, संयुजा हे शब्द ज्यांच्या ओळखीचे होते, त्यांना अकरावीत सारे इंग्रजीतून वाचावे लागते. नवे गणित, नवी भाषा आणि वाढलेला वेग या तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात अंगावर येतात. पहिल्या घटक चाचणीत गुण घसरले की, ‘हिला सायन्स झेपत नाही’ असा निवाडा घरात दिला जातो. वस्तुतः झेपत नाही ती पायऱ्यांची रचना. तीन पायऱ्या एकदम चढायला लावून, पाय अडखळला म्हणून पायाला दोष द्यावा, तसे हे आहे.

करण्यासारखे काय?

अभ्यासक्रम बदलणे पालकांच्या किंवा एकट्या शिक्षकाच्या हाती नाही. तरीही त्यांच्या हाती असलेल्या गोष्टी थोड्या नाहीत.

पहिली गोष्ट शाळांसाठी. पुस्तकातील प्रकरणांचा क्रम हा शिकवण्याचा क्रम असलाच पाहिजे, असे नाही. विज्ञानाचे आणि गणिताचे शिक्षक मे महिन्यात दोन तास एकत्र बसले, तरी वर्षाचे नियोजन पालटू शकते. प्रकाशाच्या अपवर्तनाचे सूत्र शिकवण्यापूर्वी गणिताच्या शिक्षकाने त्रिकोणमितीतील गुणोत्तरांची उजळणी घेतली, रासायनिक बंधांची आठवण करून देऊनच डीएनएचे प्रकरण सुरू झाले, तर तीच पुस्तके वेगळी वाटू लागतील. याला शासनाचा आदेश लागत नाही, खर्च लागत नाही.

दुसरी गोष्ट शिक्षकांविषयी. अनेक माध्यमिक शाळांत विज्ञानाचे सारे भाग एकाच शिक्षकाला शिकवावे लागतात, आणि त्याची पदवी एकाच विषयातील असते. वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराला विद्युतधारेचे प्रकरण जड जाणे स्वाभाविक आहे. त्यात त्याचा कमीपणा नाही. सॅन डिएगोत जे बिघडले आणि न्यू जर्सीत जे सावरले, त्यांतील फरक एवढाच होता की, एका ठिकाणी अशा शिक्षकाला एकटे सोडले गेले आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला शिकण्याची सवड व सोबत मिळाली. गावातील निवृत्त प्राध्यापक, अभियंते, डॉक्टर यांनी महिन्यातून एक दिवस शेजारच्या शाळेतील शिक्षकाबरोबर बसावे. मुलांसमोर भाषणे देण्यापेक्षा हे काम अधिक मोलाचे आहे.

तिसरी गोष्ट पालकांसाठी, विशेषतः मुलींच्या पालकांसाठी. गणित सोडण्याचा निर्णय शक्य तितका लांबवावा. पंधराव्या वर्षी बंद केलेले दार पंचविसाव्या वर्षी उघडायला फार जोर लागतो. दहावीनंतरच्या सुटीत अकरावीच्या पुस्तकातील पहिली दोन प्रकरणे मराठी व इंग्रजी संज्ञा शेजारी मांडून वाचली, तर उंबरठ्याची उंची निम्मी होते.

भौतिकशास्त्र आधी की जीवशास्त्र आधी, या वादाचा अंतिम निकाल अमेरिकेतही लागलेला नाही, आणि कदाचित लागणारही नाही. पण त्या दीर्घ वादाने एक गोष्ट लख्ख करून दाखवली आहे. जो विषय शेवटी ठेवला जातो, तो सर्वांचा राहत नाही; आणि जो विषय सर्वांना द्यायचा, त्याच्यासाठी शिक्षक आधी तयार करावा लागतो. येत्या जूनमध्ये नवे पुस्तक मुलाच्या हाती येईल, तेव्हा त्याला कव्हर घालण्यापूर्वी घरातील मोठ्यांनी अनुक्रमणिकेवर एकदा नजर फिरवावी, आणि पहिल्या पालकसभेत शाळेला नम्रपणे विचारावे : आमच्या मुलाला हे आधी का, आणि ते नंतर का?